आक्काचा सेलवरचा कॅमेरा

आक्का, तुझ्या कॅमेऱ्याच्या कार्डाला काहीही झालं नव्हतं. रामेश्वरमचे, कन्याकुमारीचे, वाटेतले, सगळे फोटो मी पुसले. चुकून पुसले, पण पुसले मीच. आणि तुला सांगितलं की कार्डच खराब निघालं.

एवढं वाक्य दोन वर्षं माझ्या तोंडात होतं. तू होतीस तोवर बाहेर आलं नाही. आता तुझं तेरावं होऊन चार दिवस झालेत. मी वसमतला स्टुडिओत बसलोय, दुपारची वेळ आहे, गिऱ्हाईक कोणी नाही, आणि लिहायला घेतल्यावर पहिलं तेच कागदावर उतरलं.

तुला माझी सवय माहीत आहे. चूक कबूल केली की मी लगेच आपली बाजू मांडायला लागतो. या खेपेला तसं करत नाही. पहिल्यापासून सांगतो. तुला ठाऊक आहे तेही सांगतो, कारण तुझ्याशी बोलताना मधलं गाळून बोलायला मला कधी जमलं नाही.

तू निवृत्त झालीस त्याच आठवड्यात हट्ट्याहून एसटीने इथे आलीस. खांद्याला उपकेंद्रातली तीच निळी पिशवी होती, फक्त आत लशींचा डबा नव्हता. बाकावर बसलीस, पाणी प्यालीस आणि म्हणालीस, "बापू, मला एक कॅमेरा पाह्यजे. फिरायला न्यायजोगता. लहान."

"फोन हाय की तुझ्याकडं. चांगला फोटो येतो त्याच्यात."

"फोन नगं."

"काहून?"

"त्यो वाजतो. वाजला की मला वाटतं, कुन्या तरी तांड्यावर बाई अडली. अजून छातीत धडधड होती. मला आशी वस्तू पाह्यजे जी वाजत न्हाई."

साखऱ्याकडच्या त्या उपकेंद्रात तू नर्स म्हणून उभा जन्म काढलास. ताटावरून उठून गेलेली तुला मी कितीदा पाहिलं होतं. तरी त्या दिवशी तुझं बोलणं माझ्या कानावरून गेलं. लग्नाचे फोटो काढणारा माणूस मी, कॅमेऱ्यातलं मला कळतं, एवढंच डोक्यात होतं. मी कपाटातून माझा जुना मोठा कॅमेरा काढून तुझ्या हातात दिला. तू तो डोळ्याला लावलास, मनगट कापायला लागलं, खाली ठेवलास.

"ह्ये तोंडावर धरलं की समोरचं माणूस घाबरंल. आयुष्यभर लोकाला सुई दाखवली बापू, आता न्हाई कुणाला भेववायचं."

म्हणून आपण नांदेडला गेलो. जुने कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या त्या म्हाताऱ्या चाचाकडे मी अधूनमधून जायचो. त्याच्याकडे एक आख्खा खण भरून लहान कॅमेरे होते, पंधरा-पंधरा वर्षांपूर्वीचे, लोकांनी फोन आल्यावर आणून टाकलेले. त्याने खण ओढून तुझ्यासमोर ठेवला आणि मी मेगापिक्सेलचं सांगायला लागलो. तू ऐकलं नाहीस. तू एकेक हातात घ्यायला लागलीस, आणि मला एकदम आपले दादा आठवले. बाजारात शेळी घेताना दादा आधी तोंड उघडून दात बघायचे, मग अंगावरून हात फिरवायचे, मग चार पावलं चालवून बघायचे, आणि भाव सगळ्यात शेवटी. लहानपणी बापाचं बोट धरून बाजारात तू जायचीस, मी नाही.

तू प्रत्येकाचं सेलचं झाकण उघडलंस आणि आत सेल गळून पांढरा थर धरलाय का ते बघितलंस. चालू करून भिंग बाहेर येताना कान लावलास. एकाचा आवाज रेतीत चाक फिरल्यासारखा आला, तो बाजूला ठेवलास. भिंग उजेडाकडे धरून आतल्या बुरशीचे तंतू शोधलेस. हे तुला कुणी शिकवलं असं चाचाने विचारलं तेव्हा म्हणालीस, "सलाईनची बाटली आशीच बघावी लागती."

एक चपटा, चंदेरी कॅमेरा मला पसंत पडला होता. पातळ, खिशात मावणारा. तू त्याची बॅटरी काढून विचारलंस, "ही बिघडली तर नवी मिळंल का?"

चाचा म्हणाला, "मुश्किल है, बाई. अब बनती नहीं."

तू तो परत ठेवलास आणि एक जाडसर काळा उचललास. एका कोपऱ्याला पोचा पडलेला, दोन पेन्सिल सेलवर चालणारा. तो घेऊन तू दुकानाबाहेर उन्हात गेलीस. मागच्या पडद्यावर उन्हात काही दिसेना, पण या काळ्याला वर डोळा लावायची बारीक खिडकी होती. तू खिडकीला डोळा लावून रस्त्याकडे बघत राहिलीस.

"ह्योच," तू आत येऊन म्हणालीस.

मी चिडलो. सेल दोन दिवसांत संपतील, संध्याकाळी उजेड कमी झाला की फोटोवर दाणे येतील, झूम कमी आहे, हे सगळं बोललो. तू शांतपणे म्हणालीस, "सेल पानटपरीवर बी मिळतात. चार्जर इसरला तर तुझा कॅमेरा नुसती वीट." चाचा हसला आणि मला म्हणाला, "बाई को समझता है." ते वाक्य मला लागलं, आक्का. ज्या बहिणीने मला हट्टाने स्टुडिओत काम शिकायला पाठवलं, तिला माझ्याच धंद्यातलं माझ्याहून जास्त कळतं, हे मला सहन झालं नाही. येताना गाडीत मी खिडकीकडे तोंड करून बसलो. तुझा पहिला फोटो तोच, माझी पाठ.

मग दर दोन-तीन महिन्यांनी तू कुठे तरी जाऊन यायचीस आणि कार्ड घेऊन इथे बसायचीस. मी फोटो मोठ्या पडद्यावर उघडायचो आणि चुका काढायचो. लोणारला गेलीस तेव्हा सरोवराचा एकच फोटो होता, बाकी सगळे तिथल्या पेरू विकणाऱ्या बाईचे आणि तिच्या तराजूचे. औंढ्याला देवळाच्या भिंतीवरचं कोरीवकाम सोडून तू दारातल्या चपलांचा ढीग आणि तो राखणारा म्हातारा काढलास.

"कोरीवकाम सोडून चपला काढल्या तू?" मी म्हणालो.

"ते पुस्तकात हाय. ह्यो म्हातारा कुठंच न्हाई."

फोटो छापून घेतलास की तू तो ज्याचा त्याला नेऊन द्यायचीस. त्यासाठी पुन्हा एसटी, पुन्हा पायपीट. शिरड शहापूरच्या मेंढरंवाल्या म्हातारीचा फोटो तू असाच नेऊन दिलास, आणि सहा महिन्यांनी तिची मुलं माझ्याकडे आली. म्हातारी गेली होती, आणि तिचा आयुष्यातला तेवढाच एक फोटो होता. मोठा करून हवा होता. मी तो मोठा केला, आणि नेहमीप्रमाणे चेहरा थोडा उजळ केला, सुरकुत्या कमी केल्या. तुला कळलं तेव्हा तू स्टुडिओत येऊन उभ्यानेच विचारलंस, "तिचा रंग काहून बदलला?"

"लोकाला आवडतं, आक्का."

"तुझ्या गिऱ्हाइकाला आवडत आसंल. ती तशी नव्हती. तिच्या पोराला इचार, माय आशी होती का."

मी म्हणालो, धंदा मला शिकवू नको. तू पिशवी खांद्याला लावून निघून गेलीस. ते भांडण तिथेच राहिलं. खरं सांगायचं तर म्हातारीचा थोरला मुलगा फोटो हातात घेऊन बराच वेळ गप्प उभा होता. मला वाटलं, आवडला म्हणून गप्प आहे.

दक्षिणेच्या सहलीला तुझं, शेवंताचं आणि माझं अशी तीन नावं तू घातली होतीस. शेवंता तुझ्या उपकेंद्रातली मदतनीस, साखऱ्याजवळच्या तांड्यावरची. तुझ्याबरोबर अर्ध्या वाटेवर चिखलात बसून बाळंतपण करणारी. "आमच्या लोकाच्या पायाला चक्करच हाय," असं म्हणत ती लगेच तयार झाली. मी निघायच्या आठ दिवस आधी नाही म्हणालो. दोन लग्नं आली होती. तू म्हणालीस, "बराबर हाय. काम सोडू नको." आवाजात राग नव्हता, म्हणून मी सुटलो असं समजलो.

बारा दिवसांनी तू उन्हाने रापून परत आलीस. स्टुडिओत येऊन कार्ड माझ्या तळहातावर ठेवलंस. लशीच्या डब्यांवर लिहायच्या काळ्या पेनाने त्यावर तू बारीक 'स' काढला होतास, तुझ्या नावाचा, सरूबाईचा. "उघडू नको," म्हणालीस. "मी रविवारी येते. संगं बघू. एकेकाचं सांगायचं हाय तुला."

मी ते जपून ठेवायचं म्हणून कॅमेऱ्याच्या पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवलं. शनिवारी हट्ट्याला एका घरी लग्नाची हळद होती. तू आणि शेवंताही आला होतात, बायकांमध्ये बसला होतात. ऐन गर्दीत माझं कार्ड भरलं. मी कप्प्यात हात घातला, हाताला आलं ते कार्ड घातलं, आणि सवयीने आधी ते कोरं केलं. बघितलंसुद्धा नाही. त्यावर दोन-तीनशे फोटो काढले. रविवारी सकाळी इथे फोटो उतरवताना कार्ड बाहेर काढलं आणि अक्षर दिसलं.

मी तसाच मोटरसायकलवर नांदेडला गेलो. पुसलेलं परत काढणारा एक जण आहे, त्याच्या पुढ्यात बसलो. नवरीचे, करवल्यांचे फोटो निघाले. तुझं म्हणून एवढंच निघालं, एका फोटोचा वरचा पट्टा. निळं आभाळ, आणि खाली सगळं राखाडी. कुठलं आभाळ ते मला आजही माहीत नाही.

दुपारी तू आलीस. डब्यात धपाटे आणले होतेस, बघत बघत खाऊ म्हणून. मी म्हणालो, "आक्का, कार्ड खराब निघालं. काहीच राहिलं न्हाई त्याच्यात. जुन्या कॅमेऱ्याचं आसंच आसतं, मी तवाच म्हणलो होतो."

खोटं बोललो याची लाज वाटते. पण शेवटचं ते वाक्य, मी तवाच म्हणलो होतो, ते आठवलं की मला स्वतःच्या तोंडात मारावंसं वाटतं. चुकीच्या आडून मी नांदेडचं भांडण जिंकून घेतलं.

तू माझ्याकडे बघितलंस. मग डबा उघडलास. "खाऊन घे," म्हणालीस, "गार झाले की निबार होतेत." जाताना पायरीवर थांबून म्हणालीस, "पुन्हा जाऊ. येत्या वर्षी. तू बी चल." मी व्हय म्हणालो. पुढच्या वर्षी तुझा गुडघा पारच धरला. त्याच्या पुढच्या वर्षी मी पुन्हा काही तरी सांगितलं, काय सांगितलं तेही आठवत नाही.

आणि मग नांदेडच्या दवाखान्यातले ते तीन दिवस. हृदय निम्म्याहून कमी चालतंय असं डॉक्टरांनी मला बाहेर सांगितलं. तुला कुणी सांगायची गरज नव्हती, तू पडद्यावरचे आकडे स्वतःच वाचत होतीस. दुसऱ्या दिवशी दुपारी तुला जरा बरं वाटत होतं. तू माझा हात धरलास. तुझी बोटं गार होती.

"बापू, तुला काई बोलायचं आसंल तर बोल. आत्ता बराबर ऐकू येऊन राहिलंय मला."

मी म्हणालो, "शेतातली हळद काढून झाली. शिजवायला कढई कधी लावायची ते अजून ठरलं न्हाई."

तू डोळे मिटलेस. "लावा लवकर," म्हणालीस. "ऊन वाढंल." तिसऱ्या दिवशी सकाळी तू गेलीस.

परवा शेवंता हट्ट्याच्या घरी आली. तेराव्याला तिच्या घरी कुणी आजारी होतं, म्हणून येता आलं नव्हतं. तुझ्या खोलीच्या उंबऱ्यात बसली, चहा नको म्हणाली. मी कपडे आवरत होतो. तो काळा कॅमेरा तुझ्या उशाच्या फळीवर होता. तो तिने हातात घेतला आणि पदराने पुसायला लागली. मला वाटलं, आता कुणाला तरी सांगितलंच पाहिजे. मी तिच्यासमोर खाली बसलो आणि तुला जे सांगायचं ते तिला सांगितलं. कार्ड, हळद, नांदेड, खोटं, सगळं.

ती पुसायची थांबली नाही. म्हणाली, "बाईला ठाव होतं, बापूभाऊ."

"कसं?" मी विचारलं.

"हळदीच्या दिशी आमी समोरच बसलो होतो न्हवं का. तुमी कार्ड बदलू लागले तवा बाईनं बघितलं, काळ्या अक्षराचं. मला कोपरानं ढोसून म्हणली, माझंच घातलं की यानं. मग म्हणली, उतरवून घेतले आसतील आधी, हुशार हाय त्यो. दुसऱ्या दिशी तुमच्याकडून आली ती येऊन गुमान बसली. मी म्हणलं, काहून इचारलं न्हाई तुमी त्याला? तर म्हणली, इचारलं तर त्याला अजून एक खोटं बोलावं लागंल. त्याला सांगावं वाटंल तवा सांगंल. आपुन थांबू."

आक्का, तू थांबली होतीस. दवाखान्यात माझा हात धरलास तेव्हाही थांबली होतीस, आणि मी तुला हळदीच्या कढईचं सांगत बसलो. ज्याला तू थांबून एवढी जागा करून दिलीस, तो तिथे पोचलाच नाही.

मी रडलो. शेवंताने रडू दिलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "फोटू पुसले, पर मी तितंच होते की. बाई फोटू काढताना मलाच धरून उभी ऱ्हायाची, गुडघ्यामुळं. मला सगळे ठाव हायेत."

आणि तिने सांगायला सुरुवात केली. रामेश्वरमला देवळाच्या लांब ओसरीत ओल्या साड्या पिळणाऱ्या बाया, सगळ्या अनोळखी, आणि दोघी-दोघी मिळून एकमेकींची साडी पिळतायत. मासे वाळवणारी एक बाई, तिच्या पायाला जखम होती, तू आधी ती धुऊन बांधलीस आणि मग फोटो विचारलास. बसमधला ड्रायव्हर, जेवण झाल्यावर स्टिअरिंगवर डोकं टेकून झोपलेला. एका गावात तू दवाखाना शोधून काढलास, तिथल्या नर्सला खुणांनी सांगितलंस की मी पण तीच. तिने तुला आपल्या खुर्चीवर बसवलं. मग तू तिच्या टेबलाचा फोटो काढलास, तुझ्या टेबलावर असायच्या त्याच वस्तू, तशाच मांडलेल्या. शेवंता म्हणाली, "बाई भायेर आली आन् म्हणली, बघ, इथं बी कुनी तरी पळतंय."

मधेच शेवंता थांबायची, डोळे बारीक करायची, आणि पुढचा सांगायची. कुठे उजेड होता, कोण हसलं, कोण नको म्हणालं आणि तू कॅमेरा खाली घेतलास. इतकी वर्षं मी तुझ्या फोटोंतली कापलेली डोकी मोजत बसलो. तू काय बघत होतीस ते मी पहिल्यांदा ऐकलं. चांगले होते, आक्का. माझ्या सगळ्या फोटोंपेक्षा चांगले होते. हे मला तुझ्या पहिल्याच कार्डाच्या वेळी कळलं होतं. तेही मी बोललो नाही.

भिंतीवर तुझा हार घातलेला फोटो आहे. तो मी छापला. दहाव्याच्या आधी स्टुडिओतल्या हजारो फोटोंत शोधलं, तुझा एकटीचा असा एकही निघाला नाही. लग्नांत कडेला अर्धी दिसतेस, ताट घेऊन जाताना पाठमोरी दिसतेस. शेवटी निवृत्तीच्या कागदांसाठी काढलेला होता तो मोठा केला. ओठ मिटलेले, नजर समोर. आयुष्यभर मी लोकांना हसा म्हणत आलो, आणि तुला एकदाही म्हणालो नाही. या फोटोचा रंग मात्र मी बदलला नाही. जशी होतीस तशीच ठेवली.

शेवंता त्या फोटोकडे बघत होती. म्हणाली, "एक फोटू मी बी काढला होता. बाईचा. कन्याकुमारीला. तिनं मला दावलं, हितं डोळा लाव, हितं दाब. मग चपला काढून पाण्यात गेली. गुडघा दुखतो म्हणून मी नगं म्हणत होते, ऐकलं न्हाई."

"कसा आला होता?" मी विचारलं.

"लई ग्वाड आला होता. मागून लाट आली आन् ती हसली, त्याच येळंला दाबलं."

"कशी उभी होती?"

शेवंताने कॅमेरा फळीवर ठेवला आणि ती अंगणात उतरली. दुपारचं ऊन होतं. तिने दोन्ही हातांनी लुगडं गुडघ्यापर्यंत उचललं, एका पायावर भार दिला, मान मागे वळवली आणि मागे काही तरी येतंय तसं दचकून, तोंड भरून हसली. हसणं तुझं होतं, आक्का. ती तशीच थोडा वेळ उभी राहिली, मला नीट बघता यावं म्हणून.

"आशी," ती म्हणाली.